न हलवायची पेटी

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमचं निम्मं मेहकर शिंकतं. थ्रेशरमधून उडालेला भुसा दोरीवरच्या कपड्यांवर बसतो, चहाच्या कपात तरंगतो. हजेरी घेताना एखादा मुलगा 'यस मॅडम' म्हणायच्या जागी नुसता शिंकतो आणि मी त्याची हजेरी लावून टाकते. पाऊस नुकता गेलेला असतो, आणि ऊन असं तापतं की मे महिना काहीतरी विसरून गेला होता, ते न्यायला परत आला असावा. बाजारात मातीचे घट येतात, परड्या येतात, पेरायची काळी माती येते. झेंडूचे ढीग अजून लागायचे असतात, पण मला त्यांचा वास आधीच यायला लागतो. या दिवसांत माझं कशात लक्ष लागत नाही.

परवा जानेफळहून वहिनीचा फोन आला. "नलूताई, घट बसवले का?"

"बसवले," मी म्हटलं.

साफ खोटं. दादा गेल्यापासून मी घट बसवत नाही आणि वहिनीला ते ठाऊक आहे. तरी ती दर वर्षी विचारते आणि मी दर वर्षी बसवले म्हणते. मग ती वांग्यांवर पडलेल्या किडीबद्दल बोलते, मी विद्यार्थ्यांना नावं ठेवते आणि आम्ही फोन ठेवतो.

दादा होता तेव्हा एका वर्षी, याच दिवसांत, मी आरएनएचे स्फटिक वाढवत होते. हे वाक्य गावात कुणाला सांगितलं की समोरचा आदराने मान हलवतो आणि लगेच विषय बदलतो. त्यात त्याची काही चूक नाही. आरएनए म्हणजे पेशीतला निरोप्या, असं मी बारावीच्या मुलांना सांगते. डीएनएत लिहिलेला मजकूर तो उतरवून घेतो आणि जिथे काम चालतं तिथे नेऊन पोचवतो. इतका लहान, की साध्या भिंगाखाली त्याचा आकार दिसायचा नाही. मग एक युक्ती करायची. त्याचे अब्जावधी रेणू एका रांगेत, एका दिशेला तोंड करून, एकमेकांना खेटून उभे करायचे आणि त्या अख्ख्या जमावावर क्ष-किरण सोडायचे. असा शिस्तीत उभा राहिलेला जमाव म्हणजे स्फटिक. मीठ आणि साखर हे काम न सांगता करतात. आरएनए करत नाही. तो लवचीक, चंचल, शेजाऱ्याला जवळ येऊ न देणारा. वर नाजूक इतका, की आपल्या बोटांच्या घामातच त्याला खाऊन टाकणारं द्रव्य असतं. हातमोजे घातल्याशिवाय त्याच्या नळीच्या बुचालाही शिवायचं नाही. लहानपणी आत्याच्या सोवळ्याला मी एवढी घाबरले नव्हते.

आणि आमचा आरएनए तर घरचाच होता.

दादा, माझा मोठा भाऊ, जानेफळला भाजीपाला करायचा. वांगी, मेथी, मिरची आणि बांधाच्या कडेने झेंडू. त्याची मूठ अडकायची. एखादी वस्तू घट्ट धरली की बोटं लगेच उघडत नसत. त्याने मनाने कधीच सोडलेलं असायचं, हात ऐकायचा नाही. मग सावकाश, एकेक करून बोटं सैल होत. लग्नात सगळ्यांच्या अक्षता पडून गेल्या तरी दादाची मूठ हवेत तशीच. वाजंत्री वाजून व्हायची, मंडळी पंगतीकडे वळायची, आणि मग ह्याच्या अक्षता पडायच्या, तोवर समोर नवरा-नवरी नसायचेच. बाजारात कोथिंबिरीची जुडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकताना हातही पिशवीतच राहायचा. "सोड ना बे, जुडी देऊन राह्यला का वापस घेऊन राह्यला?" लोक म्हणायचे, आणि सगळ्यांत आधी दादाच हसायचा.

आईचंही असंच होतं. तिच्या वेळी त्याला नाव नव्हतं. 'हात धरतो' म्हणायचे, झालं. दादाच्या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की हे पिढीजात आहे, पुढच्या पिढीत लवकर येतं आणि जास्त जोरात येतं. दादाची गौरी तेव्हा शाळेत जात होती.

मी पुण्याला पीएच.डी. केली होती. तिथेच राहिले असते तर बरं झालं असतं, असं माझ्या बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, अजून म्हणतात. पण मी परत आले, मेहकरला कॉलेजात लागले, आणि दादाच्या आजाराबद्दल मिळेल ते वाचत सुटले. जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द असतो. बहुतेकांच्यात तो काही वेळा येतो आणि थांबतो. या आजारात तो थांबतच नाही, परत परत येत राहतो. त्यावरून उतरवलेला आरएनए मग सरळ राहत नाही. तो स्वतःवरच दुमडतो, त्याचा गुंता होतो, आणि तो गुंता पेशीतली कामाची प्रथिनं धरून ठेवतो. धरतो आणि सोडत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले होते.

मला त्या गुंत्याचा आकार पाहायचा होता. आकार कळला तर त्याच्या खाचेत बसेल, त्याची पकड ढिली करेल असं औषध कुणीतरी शोधू शकेल. कुणीतरी, कधीतरी. दादाला मी हे असंच सांगितलं, आडपडदा न ठेवता. तो वांग्यांची देठं साफ करत होता.

"म्हंजे मह्यासाठी नाई," तो म्हणाला. "गौरीसाठी असन."

"झालं तर गौरीसाठी."

"मंग ठीक आहे."

त्यानंतर बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की तो कॉलेजात यायला लागला. प्रकल्पाला थोडी मदत मिळाली होती. त्यातून या आजारातल्या आरएनएचा एक लहानसा तुकडा बाहेरून बनवून मागवला, नळीच्या तळाशी पांढऱ्या पापुद्र्याएवढा. तो पाण्यात विरघळवायचा, गरम करायचा आणि हळूहळू निवू द्यायचा, म्हणजे त्याचे दोन धागे नीट जोडीला लागतात. मग काचेच्या टिकलीएवढ्या चकतीवर त्याचा इवलासा थेंब ठेवायचा, त्यात मॅग्नेशियमचं मीठ आणि आणखी दोन-तीन द्रव मिसळायचे, चकती उलटी करायची आणि खालच्या वाटीतल्या द्रावणावर ग्रीस लावून घट्ट बसवायची. अशा वाट्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. थेंब वरून लोंबत राहतो. त्यातलं पाणी फार सावकाश खालच्या वाटीत उतरतं, थेंब दाट होत जातो, आणि नशीब असेल तर रेणू रांगेला लागतात. घाई झाली की चिखल होतो. धक्का लागला की सुयांसारख्या बारीक, निकामी स्फटिकांचा सडा पडतो. तापमान खालीवर झालं की स्फटिक येतात, पण आतून विस्कटलेले.

आता मेहकरात तापमान सांभाळायचं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. वीज गेली की इनक्युबेटर भट्टी व्हायचं. शेवटी विभागाच्या मागे जाड दगडी भिंतीची अडगळीची खोली होती, तिथे फरशीवर थर्माकोलची मोठी पेटी ठेवली, तिच्यात वाळू भरली आणि वाळूत प्लेट. बाईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी "वाळू?" असं दोनदा विचारलं.

कंपाउंडपलीकडे रफिकभाईंचं शेत होतं. त्यांचं थ्रेशर सुरू झालं की आमच्या खिडकीच्या काचा गुणगुणायला लागायच्या आणि माझे थेंब सुयांनी भरून जायचे. मी कुंपणापाशी गेले. म्हटलं, भाई, मशीन थोडी लांब लावता का?

"काऊन मॅडम? पोरायचे पेपर चालू हायेत का?"

"नाही. स्फटिक वाढायला ठेवलेत."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "वाढतात तं वाढू द्या. नाल्याकडं नेतो मशीन." दुसऱ्या दिवशी कुंपणावरून त्यांनीच विचारलं, "वाढले का?" विद्यापीठातल्या समितीनेसुद्धा मला हा प्रश्न इतक्या आपुलकीने कधी विचारला नाही.

दादाला मी एकदाच समजावलं होतं. शेवटची प्लेट लावली तो घटस्थापनेचा दिवस होता, म्हणून तेच तोंडात आलं. म्हटलं, दादा, घटासारखं समज. अंधारात ठेवायचं, गार ठेवायचं आणि हलवायचं नाही. त्याला एका वाक्यात कळलं. माझ्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत कळलं नव्हतं. त्या दिवसांत झेंडूची तोडणी होती, तो रोजच मेहकरला यायचा आणि येता-जाता खोलीच्या दाराशी उभा राहून राखण करायचा. मुलं धावत गेली की आवाज यायचा, "हळू चाला बे, आतमंदी घट बसले हायेत." मी मात्र रोज प्लेट काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, मनच राहायचं नाही, आणि त्याबद्दल दादाची बोलणी खायचे.

"बी रोज उकरून पाह्यशीन तं ते मूळ कवा धरन व?"

मी ओशाळून प्लेट परत वाळूत ठेवायचे. तो म्हणायचा ते खरंच होतं.

अष्टमीच्या सकाळी एका थेंबात तो दिसला. एकटा. दोन्ही टोकांना निमुळता, कडा ताज्या पात्यासारख्या स्वच्छ. खालून ध्रुवित प्रकाश सोडला की त्याच्या अंगावर गुलाबी, मग हिरवट, मग मोरपिशी रंग फिरायचा. मी कितीतरी वेळ श्वास रोखून पाहत होते. दादाला बोलावलं. तो पाठीमागे हात बांधून वाकला आणि डोळा लावला.

"एकच?"

"एकच हवा असतो."

"वांग्याच्या झाडाले बी पह्यलं एकच येते," तो म्हणाला, आणि डोळा काही काढेना.

त्याला आणखी थोडं वाढू द्यायचं होतं. शिवाय स्फटिक गोठवायला द्रव नायट्रोजन लागतो, आणि तो मेहकरात मिळण्याची एकच जागा, जनावरांचा दवाखाना. गाई-म्हशी भरवण्यासाठी वळूचं रेत तिथे त्या द्रवात ठेवलेलं असतं. डॉक्टर म्हणाले होते, दसरा झाला की डबा भरून येतो, मग घेऊन जा. इंदूरला क्ष-किरणांचं मोठं यंत्र आहे, तिथली आमची पाळी दिवाळीच्या आधी होती. सगळं जुळून आलं होतं. आयुष्यात सगळं असं फार कमी वेळा जुळतं, आणि जुळतं तेव्हा माणूस बेसावध होतो की काय कोण जाणे.

नवमीला आमच्याकडे उपकरणांची पूजा असते. तराजू, सूक्ष्मदर्शक, जुनं सेंट्रिफ्यूज, सगळ्यांना पुसून हळदकुंकू लावायचं. दादा टोपलीभर झेंडू घेऊन आला होता. मी पुढच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला हार घालत होते. तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली. "नलू." मोठ्याने नाही. पण दादाने मला तशी हाक कधी मारली नव्हती.

तो पेटीपाशी उभा होता. पेटीभोवती त्याने झेंडूच्या पाकळ्या मांडल्या होत्या. त्याच्या हातात प्लेट होती, एका बाजूला कललेली, आणि हात घट्ट मिटलेला.

"नवमीले घट हालवा लागते," तो म्हणाला. "उलसाक हालवला. अन् मूठ अडकली."

खरंच की. घट नऊ दिवस हलवायचा नसतो आणि नवमीला हलवायचाच असतो. अर्धी रीत मी सांगितली होती, अर्धी त्याला सांगायची गरजच नव्हती. जन्मभर पाहिलेली. इतके दिवस त्याने पेटीला बोट लावलं नव्हतं, कुणाला लावू दिलं नव्हतं, आणि आज दिवस भरला म्हणून, गौरीच्या नावाने फुलं वाहून, हलक्या हाताने घट हलवायला गेला होता.

मी खालून प्लेटला आधार दिला. सरळ करता येईना, त्याच्या मनगटात बळ नव्हतं आणि बोटांत नको इतकं होतं. "जोर लावू नको," मी म्हणाले. जोर लावला की ती मूठ आणखी आवळते. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पुढच्या खोलीत कुणीतरी नारळ फोडला. मग करंगळी सुटली, तिच्या शेजारचं बोट सुटलं, आणि दादाने हात पाठीमागे नेला.

"गेलं का?"

"काही नाही झालं, दादा."

थेंब चकतीवरून घसरून खालच्या वाटीत गेला होता. मी त्या वाटीत तासन् तास शोधलं. मीठपाण्यात मिठाचा खडा शोधावा तसं ते होतं.

दुसऱ्या वाट्यांतून पुढे काही लहान स्फटिक आले. दिसायला देखणे. ते मी इंदूरला घेऊन गेले. पडद्यावर स्वच्छ ठिपक्यांच्या रांगा दिसायला हव्या होत्या, तिथे नुसते फराटे होते, कुणीतरी ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखे. बाहेरून इतके नेटके आणि आत रांगाच मोडलेल्या. तिथल्या तंत्रज्ञाने फार समजुतीने सांगितलं की आरएनएचं असंच असतं, दहातला एखादा चांगला निघतो, कधी तोही नाही. तेव्हा अष्टमीचा तो एकटा स्फटिकही आतून असाच निघाला असता, हे अगदी शक्य होतं. जास्त शक्य होतं. मी परतताना मलकापूरला गाडी बदलेपर्यंत हेच घोकत होते, दादाला सांगायला.

सांगितलं. तो ऐकत होता.

"असू दे व," तो म्हणाला. "तू काऊन समजूत घालून राह्यली माही?"

खरी गोष्टसुद्धा दिलाशासारखी ऐकू येते, त्याला मी काय करणार होते? शपथ घेऊन सांगितलं असतं तर त्याला आणखीच तसं वाटलं असतं. नळीतला आरएनए संपला होता. नवा मागवायला मंजुरी आली नाही. त्या गुंत्याचे आकार परदेशातल्या प्रयोगशाळांनी काढले, फार सुंदर काढले, आता मी ती चित्रं वर्गात फळ्यावर दाखवते. औषध अजून वाटेतच आहे. गौरी आता छत्रपती संभाजीनगरला नोकरी करते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा चहाचा कप ठेवताना तिचा हात कपाच्या कानापाशी जरा जास्तच वेळ राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं.

स्फटिकाचं दुःख आता ओसरलं. पण दादा त्यानंतर प्रयोगशाळेच्या दारात कधी आला नाही, ते मात्र तसंच आहे. भाजी यायची, मेथी, कोवळी वांगी, कागदात गुंडाळलेल्या मिरच्या, पण फाटकावर ठेवलेली असायची. वरच्या खिडकीतून मला तो परत जाताना दिसायचा. हाक मारली तर वळून हात वर करायचा, म्हणायचा, हात मातीचे हायेत, येत नाई. मी किती वेळा म्हटलं, दादा, तिथे आता काही नाही, रिकामी पेटी आहे, ये. रफिकभाईंनी थ्रेशर परत कुंपणापाशी आणलं होतं. खिडक्यांच्या काचा पुन्हा वाजायला लागल्या होत्या आणि आता वाजल्या तरी चालत होतं.

या आजारात हृदयही चुकतमाकत चालतं, हे मला माहीत होतं. त्याला थकवा यायला लागला. तरी शेत सोडलं नाही. एका पौषातल्या रविवारी मी जानेफळला गेले होते. दिवसभर बसलो, वहिनीने भाकरी आणि ठेचा केला, गौरीच्या स्थळांचा विषय निघाला आणि मिटला. संध्याकाळी तो मला गाडीवर बसवायला थांब्यापर्यंत आला. गारठा होता, त्याने कानाला मफलर बांधला होता. आमच्याकडे भाऊ-बहीण निरोपाला हात धरत नाहीत. मी वाकून नमस्कार करायचा, त्याने 'पोचल्यावर फोन कर' म्हणायचं, एवढंच. पण त्या दिवशी गाडी दिसली आणि त्याने माझा हात धरला.

"अडकली व मूठ," तो म्हणाला आणि हसला.

गाडी थांबली. कंडक्टर घाई करत होता. मी आईच्या वेळेपासून ठाऊक असलेल्या पद्धतीने करंगळीपासून सुरुवात केली, एकेक बोट हलकेच उघडत. नेहमीपेक्षा वेळ लागत होता. थंडीत लागतोच, मी मनाशी म्हटलं. शेवटी हात सुटला, मी चढले, खिडकीतून पाहिलं तर तो पाठीमागे हात बांधून उभा होता. त्याच आठवड्यात झोपेतच तो गेला.

ती मूठ मी जन्मभर पाहिली आहे. तिच्यावर पुस्तकं वाचली, तिच्या मुळाशी असलेला रेणू थेंबात टांगून वाढवला. अडकलेल्या मुठीतलं बोट एकदा सैल झालं की सैलच राहतं. त्या दिवशी मी पुढचं बोट उघडायला घेतलं की आधी उघडलेलं पुन्हा मिटत होतं. अडकलेली मूठ असं करत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण गाडी सुटत होती.